बदललेला प्रोसेसर

त्या वर्षी एप्रिलमध्ये आमची कंपनी राजस्थानच्या वाळवंटात, एका फायरिंग रेंजवर सरावासाठी उतरली होती. मी पलटणीच्या सिग्नल प्लाटूनमधला हवालदार, दिगंबर धुरी. गाव तोंडवली, तालुका मालवण. कंपनीचे रेडिओ सेट, बॅटऱ्या, अँटेना आणि एक जुना रग्ड लॅपटॉप माझ्या ताब्यात होता.

ज्यांनी फौज पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. रग्ड लॅपटॉप म्हणजे विटेसारखा जाड, हँडल असलेला, धातूच्या खोक्यातला लॅपटॉप. गाडीतून पडला तरी चालतो. वाळू आणि पाणी आत जाऊ नये म्हणून तो चारी बाजूंनी बंद असतो. त्यामुळे त्यात पंखा नसतो. आतली उष्णता तांब्याच्या पट्टीतून बाहेरच्या धातूकडे जाते आणि तिथून हवेत. म्हणून अशा यंत्रात कमी वीज खाणारा, कमी तापणारा प्रोसेसरच बसवायचा असतो.

आमचा लॅपटॉप जुना झाला होता. नकाशाचं नवीन सॉफ्टवेअर त्याला झेपत नव्हतं. बाहेर गेलेल्या गाड्यांवरचे रेडिओ सेट दर थोड्या वेळाने आपली जागा पाठवायचे, ती आमच्या पडद्यावर ठिपका म्हणून दिसायची. पण गाडी पुढे जायची आणि ठिपका मागे राहायचा. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी नवीन मशीन मागितलं. वरून उत्तर आलं, नवीन मिळणार नाही, आहे त्याचाच प्रोसेसर अपग्रेड करून घ्या. त्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सोल्डर केलेला नसायचा, सॉकेटमध्ये बसवलेला असायचा. जुना काढून त्याच मालिकेतला वेगवान प्रोसेसर बसवता येत होता. काम एका खाजगी ठेकेदाराला दिलं गेलं, आणि झालेलं काम तपासून पास करण्याची जबाबदारी नायब सुभेदार यशवंत परब याच्याकडे होती.

परब कुणकेश्वरचा. आम्ही एकाच भरतीत उभे राहिलो, एकाच बरॅकमध्ये ट्रेनिंग केलं. माझे वडील वारले तेव्हा सुट्ट्या बंद होत्या, फक्त त्याची मंजूर झालेली होती. त्याने साहेबांपुढे उभं राहून आपली सुट्टी मला दिली. गणपती जवळ आले होते आणि त्याच्या घरी नवीन बाळ होतं. ते मी कधी विसरलो नाही. रँकने तो पुढे गेला, पण आम्ही दोघंच असलो की तो यशो आणि मी दिगा.

मी रिपेअरचा कोर्स केलेला होता, म्हणून त्याला फोन करून सांगितलं, "यशो, तेका पंखो नाय. कमी वॉटचोच प्रोसेसर घालूक सांग."

"माका शिकवतंस?" तो हसला.

लॅपटॉप परत आला. स्क्रूंवर तपासणीचा रंग लावलेला होता, कोणी उघडलं तर तो तुटतो. चालू केला तर झपकन उघडला. नकाशा सरकन सरकत होता. मी खूश झालो. तरी पुन्हा फोन केला.

"उन्हातली ट्रायल घेतलंस?"

"घेतलंय रे. पत्र्यार ठेवललंय दिवसभर. कायएक झालां नाय."

मी त्यावर दुसरा प्रश्न विचारला नाही. परब बोलला म्हणजे झालं.

सरावाचे पहिले दिवस पहाटे आणि संध्याकाळी काम असायचं. दुपारी सगळे ताडपत्रीखाली. आमच्यात आंबोलीचा लान्स नायक भिवा गावडे होता. आंबोलीत पावसाळ्यात घरातली भिंतसुद्धा ओली असते, अंथरूण चुलीवर धरून सुकवावं लागतं. अशा गावचा माणूस. त्याला ऊन अजिबात सोसायचं नाही, डोकं दुखायचं. पण तो कुरकुरत नसे. पांढरा ओला पटका डोक्याला बांधून काम करायचा आणि म्हणायचा, "हवालदारानु, आमच्याकडचो एक दिवसाचो पाऊस हय आणून सोडलो तर हे लोक आमका देव मानतीत."

शेवटच्या दिवशी सकाळी भिवा आणि त्याचा ड्रायव्हर, साताऱ्याकडचा शिपाई मोहिते, जिप्सी घेऊन लांबच्या टेकाडावरचा, संदेश पुढे पोचवणारा रिले सेट काढून आणायला गेले. काम सरळ होतं. जेवायच्या आधी परत यायचं होतं. मी माझ्या गाडीच्या मागच्या भागात लॅपटॉप मांडून बसलो. ठिपका टेकाडापर्यंत गेला, थांबला, परत फिरला. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. तेवढ्यात पश्चिमेकडून आंधी उठली.

वाळूची आंधी आली की पहिल्यांदा आवाज जातो. रेडिओवर भिवाचं बोलणं तुटायला लागलं.

"...ट्रॅक दिसत नाय... पूर्वेक वळतंय... ओव्हर."

"वळा. सावकाश. ओव्हर."

मग काही वेळ नुसती खरखर. मग पुन्हा तो.

"एक्सल गेलो. गाडी बसली. दोघंव ठीक आसंव. पोझिशन पाठवतंय. ओव्हर."

मेजर साहेब माझ्या बाजूला उभे होते. "गाडी न छोडें. पोझिशन भेजते रहें. हम आ रहे हैं."

मी तोच हुकूम दिला. "गाडी सोडू नका. पोझिशन पाठवत ऱ्हवा. आमी येतंव. ओव्हर."

"रॉजर."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. हुकूम बरोबर होता. वाळवंटात गाडी सोडून चालणारा माणूस मरतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

सेटमध्ये टिक असा बारीक आवाज आला. आवाज तुटला तरी पोझिशनचा छोटा संदेश पोचतो, हा त्या यंत्रणेचा फायदा. लॅपटॉपने तो संदेश उचलला, नवीन भागाचा नकाशा उघडायला लागला, आणि पडदा काळा झाला.

मी बटण दाबलं. मशीन चालू झालं. नकाशा उघडताना पुन्हा बंद. खालच्या बाजूला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. ओलं फडकं टाकलं, गाडीच्या सावलीच्या बाजूला नेला, दार उघडून वारा दिला. पुन्हा चालू केला. नकाशा उघडण्याचं काम प्रोसेसरला सगळ्यात जड. प्रत्येक वेळी तिथेच तो तापायचा आणि स्वतःला वाचवायला बंद व्हायचा.

"धुरी, पोझिशन?"

"साहब, मशीन बंद हो रही है."

"पोझिशन चाहिए, धुरी."

सेटमधून टिक येत होती. थोड्या वेळाने पुन्हा टिक. प्रत्येक टिक म्हणजे भिवाची जागा, आकड्यांत, बिनचूक. ती माझ्या कानापर्यंत येत होती आणि वाचणारं यंत्र माझ्यासमोर मेलेलं होतं. दुसरं मशीन बटालियन हेडक्वार्टरमध्ये, रेंजच्या दुसऱ्या टोकाला. त्यासाठी गाडी पाठवली होती, पण आंधीत ती पोचणार कधी?

मेजर साहेबांनी शेवटच्या दिसलेल्या ठिपक्याकडे गाड्या पाठवल्या. त्यांच्याकडे तेवढंच होतं. पण त्या ठिपक्यानंतर भिवा पूर्वेकडे वळला होता, आणि किती लांब गेला हे कळत नव्हतं. तो मधल्या वाळूच्या उंच धारेच्या पलीकडे पोचला होता. गाड्या धारेच्या अलीकडे शोधत राहिल्या.

टिक येत राहिली. मग तिच्यातलं अंतर वाढलं. मग ती थांबली.

त्यानंतर ऊन उतरायला लागलं, आंधी बसली, लॅपटॉप थंड झाला आणि चालू झाला. नकाशा उघडला. त्यावर सकाळचा ठिपका होता.

सूर्य मावळायच्या आधी एका गाडीला धारेपलीकडची जिप्सी दिसली. मोहिते जिप्सीच्या सावलीत पडलेला, बेशुद्ध पण जिवंत. भिवा सावलीत नव्हता. खोलगट जागेतून सिग्नल जात नाही म्हणून तो सेट पाठीवर घेऊन धारेच्या माथ्यावर चढला होता आणि तिथेच बसला होता, उघड्या उन्हात. सेट मांडीवर होता. डोक्याचा पटका त्याने सोडून सेटभोवती गुंडाळला होता, सेट तापू नये म्हणून.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण उष्माघात लिहिलं.

चौकशीसाठी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. लॅपटॉप सगळ्यांसमोर उघडला गेला. टेक्निकल ऑफिसरने तांब्याची पट्टी उचलली आणि प्रोसेसरवरचा क्रमांक वाचला. तो कमी वॉटचा नव्हता. पंख्याच्या साध्या लॅपटॉपमध्ये घालतात तो, दुपटीहून जास्त तापणारा. सॉकेट सारखंच, म्हणून बसला. चालला, म्हणून कोणाला कळलं नाही.

प्रश्न एकच राहिला. हा बसवला कोणी?

परब साक्षीला आला. मी बाहेर बाकावर बसलो होतो, तो माझ्या समोरून गेला. मला वाटलं, हा आता सरळ सांगून टाकील. सांगितलं असतं तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. चूक कोणाच्याही हातून होते. माझ्या नोकरीला झळ लागली असती तरी मी त्यासाठी तयार होतो.

आत त्याने सांगितलं, "साहब, हमने सही प्रोसेसर लगवाया था. धूप में ट्रायल लिया था. हवालदार धुरी ने रिपेअर कोर्स किया है. मशीन धीमी है, ऐसी शिकायत उसी की थी. तेज करने के लिए उसने बदला होगा."

हे मला समोर बसवून वाचून दाखवण्यात आलं. मला उलटे प्रश्न विचारायची मुभा होती. मी परबाकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे पाहत होता. स्क्रूवरचा रंग उघडताना खरवडला गेला होता, तो आधी शाबूत होता की नव्हता हे आता कोणी सांगू शकत नव्हतं. ठेकेदाराच्या बिलावर प्रोसेसरचा क्रमांक नव्हता. फोनवर आम्ही काय बोललो, हे आम्हा दोघांनाच माहीत. मी जे खरं ते सांगितलं. परबाने सगळं नाकारलं. आवाज शांत होता त्याचा.

दोष कोणावरही सिद्ध झाला नाही. अपघात, कारण अति उष्णता. पण मला सिग्नलच्या सामानावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. पुढची रँक आली नाही. मी हवालदार म्हणूनच पेन्शनवर आलो. परब सुभेदार झाला.

हे सगळं मी गिळलं असतं. फौजेत माणूस बरंच काही गिळायला शिकतो. पण पहिल्याच सुट्टीत मी आंबोलीला गेलो. भिवाच्या बायकोचं नाव सुनंदा. घाटाच्या वळणावर तिची चहा-भजीची टपरी, मागे घर. कडेवर मुलगी होती. मी नाव सांगितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"मशीन तुमीच खोललात मां?"

"कोणी सांगलां तुमका?"

"परब साहेबांनी. तेच हेंका घराक घेवन इल्ले. म्हणाले, मशीन बरां होतां, तेतूर धुऱ्यान हात घातल्यान." ती एवढंच बोलली आणि घरात गेली. दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज मी ऐकला. टपरीवर चहा प्यायला दोन गिऱ्हाईकं बसली होती, ती माझ्याकडे पाहत होती. मी स्टँडकडे चालत गेलो.

इन्क्वायरीत परबाने स्वतःला वाचवलं, हे मला समजू शकत होतं. पण तिच्या दारात, भिवाच्या शवपेटीपाशी उभं राहून खोटं बोलायची त्याला कोणी सक्ती केली होती?

पेन्शन झाल्यावर मी तोंडवलीला आलो. लग्न केलेलं नाही. भावाच्या घराला लागून खोली बांधली, पर्यटकांच्या बोटींचे वायरलेस आणि जीपीएस दुरुस्त करतो. दरवर्षी एप्रिलमध्ये आंबोलीच्या शाळेत भिवाच्या फोटोला हार घालतात आणि पाहुणे म्हणून सुभेदार परब भाषण करतात, हे मला कानावर यायचं. एका वर्षी कोणीतरी मोबाईलवर ते भाषण दाखवलं. परब बोलत होता, "आमचा भिवा हलगर्जीपणाचा बळी ठरला." मी मोबाईल परत दिला आणि दुसऱ्या दिवशी कुणकेश्वरला गेलो.

परबाचं समुद्राकडे तोंड केलेलं घर आहे, खाली पर्यटकांच्या खोल्या. तो पडवीत बसला होता. मला पाहून उठला.

"दिगा! ये, बस. सोलकढी घे."

"बसाक नाय इलंय. खरां काय तां सांग. हय कोण नाय."

तो पुन्हा बसला आणि म्हणाला, "ठेकेदाराकडे बारीक वॉटचो नव्हतो. दुसरो घातल्यान. मशीन चालू झालां, मी पास केलंय."

"उन्हातली ट्रायल?"

"नाय घेतलंय."

"माका सांगलंस, पत्र्यार ठेवललंय."

त्याने हात झटकला. "तां मशीन तसांय बंद पडलांच असतां. तेवढ्या उन्हात कसलां चलता? प्रोसेसर खंयचोय असूंदे."

"आणि माझां नाव?"

"कोणाचां तरी लागाचांच होतां. तू एकटो. माझी दोन पोरां शिकत होती."

"भिवाक पण चेडू होतां."

तो सोलकढी आणायला उठला, मी थांबवलं.

"सुनंदाक कित्याक सांगलंस?"

"पेटी घेवन गेलंय तेव्हा तिणां इचारल्यान, कसो गेलो. काय तरी सांगूक व्हया होतां."

मी निघालो. मागून तो म्हणाला, "दिगा, माझी सुट्टी दिलंलंय तुका. इसारलंस?" मी वळलो नाही. विसरलो नव्हतो.

पण त्याचं एक वाक्य डोक्यात राहिलं. मशीन तसंही बंद पडलं असतं. मला कधी तपासू दिलं गेलं नव्हतं, मग मला तरी काय माहीत? मी त्याच मॉडेलचा जुना लॅपटॉप शोधायला लागलो. मुंबईत भंगारात निघालेल्या मालातून भाच्याने एक मिळवून दिला. दोन्ही प्रोसेसर वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवले. एक कमी वॉटचा, जो बसायला हवा होता. एक दुसरा, जो बसवला गेला.

काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. बॅटरी काढायची. खालचे स्क्रू क्रमाने काढून ठेवायचे. कडेची रबरी पट्टी फाटू द्यायची नाही. तांब्याची पट्टी सरळ वर उचलायची. सॉकेटचा खटका फिरवला की प्रोसेसर सुटतो. पिना वाकल्या तर संपलं. नवीन बसवला की वर पेस्टचा पातळ थर, मग पट्टी पुन्हा घट्ट. ठेकेदाराच्या माणसाने हे सगळं नीट केलं होतं, हेही सांगायला हवं. त्याने फक्त चुकीचा तुकडा बसवला आणि परबाने तो पास केला.

मे महिन्यात मी लॅपटॉप खोलीच्या पत्र्यावर ठेवला, तसाच एक जड नकाशा उघडून. पत्रा असा तापला होता की वर पाय ठेववत नव्हता. कमी वॉटच्या प्रोसेसरवर मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी प्रोसेसर बदलला. तेच ऊन, तोच पत्रा. नकाशा उघडता उघडता पडदा काळा झाला. मी थंड करून पुन्हा लावला. पुन्हा काळा. वाळवंटातलं ऊन याहून कडक होतं, हे मला मान्य आहे. तिथे बरोबरचा प्रोसेसर दिवसभर टिकला असता असं मी म्हणत नाही. पण मला दिवसभर नको होता. एक ठिपका दिसेपर्यंत हवा होता.

मी पत्र्यावरून खाली उतरलो आणि माडाला टेकून बसलो. भिवा वाचू शकला असता.

पाऊस लागायच्या आत मी आंबोलीला गेलो. सुनंदाने ओळखलं. दार लावलं नाही, पण बसाही म्हणाली नाही. मी टपरीच्या बाकावर लॅपटॉप ठेवला. "वैनीनु, बोलणां नाय. फक्त हात लावन बगा."

उन्हात ठेवून मी नकाशा चालवला. तिने धातूवर हात ठेवला.

"गरम आसा. पण हात ऱ्हवता."

मग तिच्यासमोर स्क्रू काढले, प्रोसेसर बदलला, पुन्हा लावला. तिने मधे आलेल्या गिऱ्हाईकांना चहा नाही म्हणून परत पाठवलं. मशीन सुरू झालं. तिने हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. थोड्या वेळात पडदा गेला.

"येवढ्याशा तुकड्यापायी?" ती म्हणाली.

"होय."

"आणि हो तुमी घातलात नाय?"

"नाय."

"परब साहेबांक म्हायत होतां?"

"होय. आता तेणांच तोंडान सांगल्यान."

ती हाताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ते दर वर्साक येतत. मी तेंका पान वाढतंय. तेंच्या पायाक माझां चेडू हात लावता." माझ्याकडे वळून विचारलं, "भावजी, तुमी आधी कित्याक नाय सांगलात?"

"इल्लंय. तुमी दार लावलात."

"होय," ती म्हणाली. "लावलंय."

यंदा एप्रिलमध्ये तिने सरपंचांना सांगून परबाला बोलावणं धाडलं नाही. मला बोलायला सांगितलं. आदल्या दिवशी परबाचा फोन आला.

"तू काय बोलतलस?"

"जां झालां तां. येवन आयक."

तो आला नाही. मी शाळेच्या अंगणात उभा राहून प्रोसेसरचं सांगितलं, पास करणाऱ्याचं नाव घेतलं, आणि तिथे जास्त वेळ काढला नाही. तो दिवस परबाचा नव्हता.

उरलेला वेळ मी भिवाबद्दल बोललो. मोहितेने हॉस्पिटलमध्ये मला जे सांगितलं होतं, ते मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगितलं. मोहितेला उलट्या होत होत्या. भिवा एकदा धारेवरून खाली आला. आपल्या वाट्याची बाटली त्याच्या हाताशी ठेवली. मोहिते म्हणाला, दादा, आता वर जाऊ नका, इथंच सावलीत बसा. भिवाने माथ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजून एकदा पाठवतंय. मगे येतंय."

लान्स नायक भिवा गावडे सेट उचलून पुन्हा वर चढला.